दागिन्यांची दंतकथा: चित्रपट कंपनी कशावर उभी राहते?

१)
३० एप्रिल आणि ३ मे. पहिली तारीख दादासाहेब फाळके यांच्या जन्माची, दुसरी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्याची. दरवर्षी या दोन दिवशी मराठी समाजमाध्यमांवर एकच गोष्ट फिरते: पत्नीने अंगावरचे दागिने उतरवून दिले आणि भारतीय चित्रपट जन्माला आला. गोष्ट खोटी नाही. तिच्यातून काढले जाणारे तात्पर्य मात्र घातक आहे. हा धागा त्या तात्पर्याविरुद्ध आहे.

२)
परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी नावाचे गाव आहे. भोवताली कापूस, सोयाबीन, तूर. अशा गावातल्या विशीतल्या एखाद्या मुलाने वा मुलीने मोबाइलवर दोन लघुपट केले, चार जणांनी वाखाणले, आणि आपली एक छोटी निर्मिती संस्था काढावी असे त्यांच्या मनात आले, तर मिळणारा सल्ला ठरलेला असतो. ‘फाळक्यांनी दागिने विकले, तू एक एकर विक.’ आणि जमीन विकायची तयारी नसेल तर त्याहून ठरलेला शेरा: ‘मग तुझ्यात ती आगच नाही.’

३)
हा सल्ला इतिहासाच्या नावाने दिला जातो, म्हणून त्याचे उत्तर इतिहासानेच द्यायला हवे. मराठी चित्रपट कंपन्यांची पहिली तीस वर्षे नीट वाचली तर जे दिसते ते असे: त्यागाने फार तर पहिला चित्रपट होतो. कंपनी टिकते ती मर्यादांवर. घर आणि कंपनी यांच्यातली मर्यादा, मालक आणि सहकारी यांच्यातली मर्यादा, सत्ता आणि व्यवसाय यांच्यातली मर्यादा. जिथे यांतली एकही नव्हती, तिथे दागिने, जमीन आणि माणसे तिन्ही गेली.

४)
आरंभ फाळक्यांपासूनच. १९१२ साली कंपनी काढणारा हा गृहस्थ भाबडा ध्येयवेडा नव्हता. तो ४२ वर्षांचा होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, छायाचित्रणाचा धंदा केलेला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केलेला, लोणावळ्याला राजा रविवर्म्यांच्या छापखान्याशी संबंध आलेला, ठसे तयार करण्यात तरबेज आणि स्वतःचा छापखाना भागीदारीत चालवून तो भागीदारांशी न पटल्याने सोडलेला. दंतकथा ही पंचवीस वर्षांची तयारी गाळते आणि एका क्षणाचा त्याग तेवढा उचलते.

५)
आता पैशाचा क्रम पाहावा. १९११ मध्ये गिरगावात ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा चित्रपट पाहून फाळक्यांना झपाटल्यासारखे झाले, हे सर्वश्रुत आहे. लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणण्यासाठी पैसा हवा होता. तो दागिन्यांतून आला नाही. १२,००० रुपयांच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १०,००० रुपयांचे कर्ज उभे राहिले. पॉलिसीवर कर्ज मिळणे ही मुंबईतल्या मध्यमवर्गाला तेव्हा उपलब्ध असलेली सोय होती. त्याच काळातल्या परभणीच्या शेतकऱ्याजवळ गहाण टाकायला काय होते? जमीन, बैल, आणि समोर सावकाराची वही.

६)
१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ या व्यवसायपत्राच्या संपादकांना भेटले, त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतले काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि तिला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवले आणि परतले. एप्रिलमध्ये ‘फाळके फिल्म्स कंपनी’ सुरू झाली. हा सगळा प्रवास म्हणजे आजच्या भाषेत बाजाराची पाहणी, प्रशिक्षण आणि यंत्रखरेदी.

७)
आणि तरीही सावकार तयार नव्हते. तेव्हा फाळक्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटभराचा पट तयार केला. तो निवडक मंडळींना दाखवला. छायाचित्रणाच्या सामग्रीचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे लोक त्यानंतर कर्जाला तयार झाले. आधी नमुना, मग कर्ज. त्यातही कर्ज देणारा माणूस त्याच धंद्यातला जाणकार. ३० एप्रिलच्या संदेशांत हा वाटाणा कधीच येत नाही. वास्तविक कंपनी काढू पाहणाऱ्याला दागिन्यांपेक्षा वाटाण्याची गोष्ट शंभरपट उपयोगाची आहे.

८)
आता दागिने. सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने गेले, हे खरे. परंतु त्यांचे योगदान दागिन्यांपुरते सांगणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. कच्च्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे, चित्रणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभे राहणे, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. ही तंत्रज्ञाची आणि व्यवस्थापकाची कामे आहेत. मुलगा भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला, मुलगी मंदाकिनी पुढे ‘कालिया मर्दन’मध्ये बालकृष्ण झाली. सगळे घरच कंपनीत राबत होते.

९)
या श्रमांना वेतन नव्हते, भागीदारीतला हिस्सा नव्हता. पुढे पाच भांडवलदार भागीदारांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली, त्यांच्या यादीत वामन श्रीधर आपटे आहेत, मायाशंकर भट्ट आहेत, सरस्वतीबाई नाहीत. ज्याला आपण त्याग म्हणून ओवाळतो, तो मोठ्या प्रमाणावर न मोजलेला मोबदला होता. त्याग म्हटले की हिशेब विचारता येत नाही, हीच त्या शब्दाची सोय आहे.

१०)
३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला. कंपनी त्याच वर्षी नाशिकला गेली. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आले. दंतकथा इथे सुखान्त होते. इतिहास होत नाही. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, भांडवल देऊ करणाऱ्यांनी हात आखडते घेतले, कच्ची फिल्म दुर्मिळ झाली. यशस्वी चित्रपटांचा कर्ता पुन्हा कर्जबाजारी. कारण उघड आहे: कंपनीची देणी आणि घरची देणी एकच होती. दोहोंच्या मध्ये भिंत नव्हती.

११)
ही भिंत घालण्याचा एक प्रयत्न झाला होता. लोकमान्य टिळक, रतन टाटा, मनमोहनदास रामजी अशा मंडळींनी फाळक्यांच्या उद्योगाची मर्यादित कंपनी करावी म्हणून लक्ष घातले. मर्यादित म्हणजे भागधारकाचे नुकसान त्याच्या भागापुरते, घरदार सुरक्षित. ते जमले नाही. मग आली पाच भागीदारांची हिंदुस्थान कंपनी. तिथे खर्चावरून आणि वेळेवरून खटके उडाले, फाळके राजीनामा देऊन काशीला गेले. काही वर्षांनी ते परतले, पण ज्या उद्योगाचे ते जनक, त्या उद्योगात मालकी त्यांची राहिली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या कलेची पुण्याई अफाट होती आणि हाती पैसा नव्हता.

१२)
इथे कोणी म्हणेल, ही मराठी माणसाची जुनीच खोड. नाटकमंडळ्या पाहाव्यात. मालकाचे घर आणि कंपनीचे बिऱ्हाड एकच, पंगत एकच, तिजोरीही एकच. हंगाम चांगला गेला तर भरजरी पडदे, वाईट गेला तर सावकार. बालगंधर्वांसारखा लोकोत्तर नट कर्जात आयुष्यभर रुतला तो गायन कमी पडले म्हणून नव्हे. चित्रपट कंपन्यांनी नाटकाकडून पौराणिक कथा घेतल्या, नट घेतले, पडदे रंगवणारे घेतले आणि ही हिशेबाची पद्धतही घेतली.

१३)
आता कोल्हापूर. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे पडदे रंगवणारे कलावंत. चित्रपटाचा ध्यास दोघांचा, परंतु १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. पैसा कोणाचा? गायिका तानीबाई कागलकर यांचा. आश्रय कोणाचा? राजर्षी शाहू महाराजांचा. कॅमेरा कुठला? मिस्त्रीकामात वाकबगार असलेल्या दामल्यांच्या साहाय्याने कोल्हापुरातच तयार केलेला. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या.

१४)
या चार ओळींत कंपनीचे चार खांब दिसतात: भांडवल, राजाश्रय, स्थानिक कारागिरी आणि रंगभूमीवर तयार झालेली माणसे. यांतले काहीही एका रात्रीत आले नव्हते. तानीबाईंचे नाव मात्र उत्सवी संदेशांत सापडत नाही. पतीसाठी दागिने देणारी पत्नी आपल्याला आवडते. स्वतःच्या कमाईतून एका कंपनीला भांडवल पुरवणारी गायिका आपल्या दंतकथेत बसत नाही. दंतकथा कोणाला वगळते हे पाहिले की तिचा हेतू कळतो.

१५)
महाराष्ट्र फिल्म कंपनी ही एक शाळाच होती. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर सारे तिथे घडले. कॅमेरा, रंगकाम, नेपथ्य, रसायने, अभिनय, जे पडेल ते शिकले. पण घडलेल्या माणसांचा कंपनीत हिस्सा कोणता, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते. कंपनी गुरूची, शिष्य राबणारे. अखेर १९२९ मध्ये हे चौघे बाहेर पडले आणि गुरूची कंपनी पुढे थोड्याच वर्षांत बंद झाली. श्रद्धेवर चालणाऱ्या संस्थेत श्रद्धा संपली की काहीच उरत नाही, कारण लिहून ठेवलेले काही नसते.

१६)
१ जून १९२९. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे चार तंत्रज्ञ आणि पाचवे सीतारामपंत कुलकर्णी, कोल्हापुरातले सराफ. इथेही सोने आहेच! फरक एवढाच की हे सोने मंगळसूत्रातून नव्हे तर सराफाच्या पेढीतून आले, आणि ते देणारा भागीदार म्हणून नोंदला गेला. पैसा आणि कसब यांना एका करारात समान जागा मिळाली. मराठी चित्रपटाच्या इतिहासातला हा खरा क्रांतीचा क्षण. पण त्याचे पोस्टर निघत नाही, कारण करारनाम्यावर अश्रू ढाळता येत नाहीत.

१७)
त्या कराराची फळे पाहावीत. ‘गोपाळकृष्ण’सारख्या मूकपटांनी सुरुवात. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट. १९३३ मध्ये पुण्याला स्थलांतर आणि स्वतःचा सुसज्ज स्टुडिओ. वितरणासाठी बाबूराव पै यांची फेमस पिक्चर्स. १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’, ज्याचा १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला. प्रभात अमर नव्हती. धायबर गेले, १९४२ मध्ये शांताराम गेले, १९५३ मध्ये कंपनी मिटली. पण भागीदार बाहेर पडत असतानाही कंपनी चोवीस वर्षे चालली, हेच करारनाम्याचे यश. आणि तिच्या जागेवर १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

१८)
आता मूळ प्रश्नाकडे. मुंबई, नाशिक, कोल्हापूर, पुणे. या नकाशात परभणी का नाही? सोपे उत्तर दिले जाते: ‘मराठवाड्यात ती दृष्टीच नव्हती.’ हे उत्तर अज्ञानाचे आहे. झरी ज्या मुलखात आहे तो तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. आणि त्या संस्थानात चित्रपट कंपनी निघाली होती! १९२२ च्या सुमारास धीरेंद्रनाथ गांगुली हे बंगाली कलावंत हैदराबादला आले आणि निजामाच्या पाठबळाने त्यांनी लोटस फिल्म कंपनी काढली. स्टुडिओ झाला, दोन चित्रपटगृहे झाली, लागोपाठ मूकपट निघाले.

१९)
मग १९२४. गांगुलींनी आपल्या चित्रपटगृहात मुंबईत बनलेला ‘रझिया बेगम’ लावला. सुलतान स्त्रीच्या प्रेमाची कथा. निजामाला ते रुचले नाही. हुकूम निघाला: संस्थान सोडा. लोटस फिल्म कंपनी संपली. लक्षात घ्यावे, चित्रपट गांगुलींनी बनवलेला नव्हता. त्यांनी तो केवळ दाखवला होता. कलावंत होता, भांडवल होते, स्टुडिओ होता, चित्रपटगृहेही होती. नव्हती फक्त एक गोष्ट: राजाच्या मर्जीपासून व्यवसायाला वाचवणारी लेखी मर्यादा.

२०)
याला धर्माचा रंग देणाऱ्यांनी थांबावे. इंग्रज मुलखातही कात्री होतीच. ‘सैरंध्री’तल्या कीचकवधाच्या दृश्यावर आक्षेप आला. १९२१ चा ‘भक्त विदुर’ काही प्रांतांत बंद झाला. प्रभातला ‘महात्मा’ हे नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले. पण तिथे १९१८ चा कायदा होता, प्रांतोप्रांतीची मंडळे होती. दृश्य कापले गेले तरी कंपनी उरत असे, एका प्रांतात बंदी आली तर दुसरा प्रांत असे. कायदा जाचक होता, पण कायदा होता. हैदराबादेत एका माणसाची नाराजी हाच कायदा ठरला.

२१)
कोल्हापूर हेही संस्थानच होते, हा आक्षेप रास्त आहे. तिथे राजा अनुकूल निघाला, म्हणून कंपनी वाढली. पण तोच मुद्दा सिद्ध होतो: मर्जीवर उभे राहिलेले काम मर्जीपुरतेच टिकते. शिवाय कोल्हापूरच्या कंपनीला भोवतालचा मराठी भाषक इंग्रजी मुलूख बाजारपेठ म्हणून खुला होता. उलट मराठवाड्यात शासनाची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, आणि सभा-संमेलनांना परवानगीचे बंधन घालणारी गश्ती क्रमांक ५३. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या परतूरला भरले ते १९३७ साली. ज्या वर्षी ‘संत तुकाराम’ व्हेनिसला गेला, त्या वर्षी मराठवाडा नुसते एकत्र बसण्याची जागा मिळवत होता.

२२)
आणि तरीही पडद्यावर मराठवाडा होताच. ‘धर्मात्मा’ म्हणजे पैठणचे एकनाथ. १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’ म्हणजे आपेगावच्या कुळातले ज्ञानदेव. नामदेवांचे नरसी जुन्या परभणी जिल्ह्यातले, जनाबाईंचे गंगाखेड आजही परभणीतच. कथा गोदाकाठची, कंपनी मुठाकाठची. परभणीकरांना हा व्यवहार ओळखीचा वाटावा. कापूस इथून जातो, कापड तिकडून येते, आणि मधला नफा जिथे गिरणी असते तिथे राहतो. दृष्टी नव्हती म्हणणाऱ्यांनी गिरणी कोणी उभी राहू दिली नाही, हे आधी विचारावे.

२३)
१७ सप्टेंबर १९४८ नंतर तो हुकूम संपला. त्यानंतर कारणे निजामावर ढकलता येत नाहीत. शासनाने चित्रनगरी उभारली ती गोरेगावला, पुढे कोल्हापूरला. म्हणजे जिथे आधीच खांब होते तिथेच आणखी विटा. मागासलेपणाचे अर्थशास्त्र असेच चालते. अशा परिस्थितीत झरीतल्या तरुणाला ‘जमीन विक’ म्हणणे म्हणजे राज्याने, बाजाराने आणि इतिहासाने जे द्यायला हवे होते ते एका कुटुंबाच्या सातबाऱ्यातून वसूल करणे होय.

२४)
सर्वांत बळकट प्रतिवाद आता घ्यावा. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग? त्यांच्या धाडसाला आणि कलेला मान द्यावाच. पण एका उदाहरणाचा नियम होत नाही. जमीन विकून चित्रपट केलेले आणि ज्यांचा चित्रपट कधी चित्रपटगृहापर्यंत पोचलाच नाही, त्यांच्या नावाने कोणी संदेश फिरवत नाही. जिंकलेल्यांचीच मोजदाद करून जुगाराला साधना म्हणता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी विचारावे: हरलेल्यांचे दफ्तर कुठे आहे?

२५)
दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तिथे नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट केला. त्यांच्या हाती आधी काय होते? व्हिडिओ पार्लर. म्हणजे प्रेक्षक आधी, चित्रपट नंतर. कोणत्या दृश्याला शिट्टी पडते, कोणत्या गाण्याला लोक उठून बाहेर जातात, हे त्यांना रोज दिसत होते. सायकल आणि बैलगाडी यांवर कॅमेरा चढला, खर्च आटोक्यात राहिला, आणि गावच्या पैशाने बनलेला चित्रपट गावानेच तिकीट काढून पाहिला. फाळक्यांचा वाटाणा आणि नासिर यांचे पार्लर, दोन्हींचा धडा एकच: विकण्याआधी दाखवा.

२६)
आजचा कायदा फाळक्यांच्या काळापेक्षा उदार आहे, पण तो वाचावा लागतो. १९३२ च्या कायद्याखालील साध्या भागीदारीत कंपनी बुडाली तर देणेकरी भागीदाराच्या घरापर्यंत आणि शेतापर्यंत पोचू शकतो. २००८ च्या कायद्याने आलेल्या मर्यादित दायित्व भागीदारीत तोटा सामान्यतः भागीदाराने घातलेल्या रकमेपुरता राहतो. जी भिंत टिळक आणि टाटा यांच्या काळी होता होता राहिली, ती आज दोन मित्रांना घालता येते. मात्र कर्ज देणारा वैयक्तिक हमी मागतो. त्या कागदावर सही झाली की भिंतीला दार पडले असे समजावे.

२७)
तसेच श्रमांचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. पटकथा मित्राची, संगीत चुलतभावाचे, संकलन वर्गमैत्रिणीचे, आणि सगळे ‘आपलेच’ म्हणून कागद नाही, अशी कंपनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्याच वाटेने जाते. पहिल्या चित्रपटाला पैसे नसतील तर हिस्सा लिहावा. दोन वर्षांनी यशाच्या दिवशी लिहायला बसले की प्रत्येकाची आठवण वेगळी निघते. आणि घरात डबे करणारी आई किंवा बहीण असेल तर तिच्या कामाचा आकडाही वहीत चढवावा. तो लगेच फेडता आला नाही तरी देणे म्हणून उभा राहू द्यावा.

२८)
तेव्हा ३ मे रोजी पुन्हा तो संदेश आला तर त्याखाली तीन नावे लिहावीत. छिद्रे पाडणाऱ्या, फिल्म धुणाऱ्या आणि भागीदारांच्या यादीत नसलेल्या सरस्वतीबाई. भांडवल पुरवून विस्मरणात गेलेल्या तानीबाई. आणि एका हुकुमाने हैदराबाद सोडावे लागलेले, नंतर कोलकात्यात पुन्हा कंपनी उभी करणारे आणि १९७५ च्या फाळके पुरस्काराचे मानकरी ठरलेले धीरेंद्रनाथ गांगुली.

२९)
झरीत चित्रपट कंपनी निघावी. गोदाकाठच्या कथांची गिरणी गोदाकाठीच असावी, यात शंका नाही. ती काढताना एकर विकू नये, वाटाणा पेरावा. दहा मिनिटांचा पट करावा, यात्रेत, शाळेत, मंगल कार्यालयात, मिळेल त्या भिंतीवर दाखवावा, तिकिटाचे पैसे आणि उठून गेलेली माणसे दोन्ही मोजावीत, करारनामा लिहावा आणि मगच कर्जाचे नाव काढावे. यात आग कमी दिसली तर दिसू द्यावी. शेत शाबूत राहिले तर दुसरा चित्रपट होतो.

धागा समाप्त. मतभेद असल्यास आधारासह मांडावेत. आणि हैदराबाद संस्थानातल्या चित्रपटगृहांच्या जुन्या जाहिराती, तिकिटे वा छायाचित्रे कोणाच्या घरी असतील तर ती रद्दीत जाऊ देऊ नयेत.